भाड्याच्या घरातील बाथरूमची बुरशी: नेरूळ, जून ते डिसेंबर २०२४, प्रकल्प नोंदी

नेरूळमधील सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही १ जानेवारी २०२४ पासून राहतो. करार अकरा महिन्यांचा, नोंदणीकृत, लीव्ह अँड लायसन्सचा. भाडे दरमहा १९,००० रुपये आणि अनामत ७५,००० रुपये. बाथरूम चार फूट बाय सहा फूट असून तिला काचेच्या पट्ट्यांची एकच खिडकी आहे आणि तीही डक्टमध्ये, म्हणजे पाईप जाण्यासाठी इमारतीत ठेवलेल्या उभ्या मोकळ्या जागेत, उघडते. मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक असल्यामुळे मोजून लिहून ठेवण्याची मला सवय आहे. तरीही पहिले पाच आठवडे मी काहीही न मोजता काम करत राहिलो आणि त्याच पाच आठवड्यांत पैसे वाया गेले व घरमालकांशी शब्दाला शब्द वाढला. अशाच घरात राहणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी चुकांसकट ठेवत आहे.

२३ जून

गीझरच्या वर, डक्टकडच्या कोपऱ्यात, छताला मोहरीएवढे काळे ठिपके दिसले. खिडकीच्या चौकटीभोवतीही करडी-हिरवट बुरशी धरली आहे. कोरड्या ब्रशने छत घासले. ठिपके गेले, पण काळी भुकटी खाली पडली आणि दार उघडे असल्यामुळे पॅसेजपर्यंत उडाली. सहा वर्षांचा मुलगा त्या रात्री बराच वेळ खोकत होता. त्याचे कारण हेच होते असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण बुरशी कोरडी घासायची नसते हे मला ठाऊक असायला हवे होते. आधी पाणी फवारून ती ओली करावी, दार लावून घ्यावे आणि नाकातोंडावर एन-९५ मास्क लावावा.

३० जून

ब्लीच वापरले. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ९५ रुपयांना आणले, एका भागास पंधरा भाग पाणी घातले आणि फडक्याने छताला व चौकटीला लावले. येथे एक गंभीर चूक झाली. वास येतो म्हणून पत्नीने सकाळीच नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखाली, संडास साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव ओतले होते आणि ते पुरेसे धुतले गेले नव्हते. छतावरून ओघळलेले ब्लीच ट्रॅपमध्ये उतरताच डोळ्यांना झोंबणारा वास आला. हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. प्रयोगशाळेत मी हेच विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावतो. लगेच बाहेर पडलो, घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि दोन तास कुणालाही आत जाऊ दिले नाही. ज्या दिवशी ब्लीच वापरायचे त्या दिवशी घरात दुसरे कोणतेही साफसफाईचे द्रव वापरलेले नाही याची घरातल्या प्रत्येकाला विचारून खात्री करावी.

९ जुलै

कालच्या मुसळधार पावसात लोकल बंद होत्या, मी घरीच होतो आणि त्यामुळे कोपरा दिवसभर डोळ्यांसमोर होता. ब्लीचने पांढरे पडलेले ठिपके पुन्हा काळे झाले आहेत आणि त्यांच्या भोवती तळहाताएवढा रंग फुगला आहे. पाऊस पडला आणि ओल वाढली, म्हणजे पाऊसच झिरपतो आहे, असा निष्कर्ष मी काढला. तो चुकीचा होता हे सप्टेंबरमध्ये कळले.

१४ जुलै

संपूर्ण रविवार आणि १,६४० रुपये खर्च. सुटलेले पोपडे खरवडले, पुट्टी भरली आणि बुरशीरोधक म्हणून मिळणाऱ्या रंगाचे दोन हात दिले. दुकानदाराने भिंत कोरडी आहे का, असे विचारले होते आणि मी हाताने चाचपून कोरडी आहे असे सांगितले होते. घरमालकांना मी हे काम करत असल्याचे कळवले नाही. हा खर्च पुढे मागण्याचा माझा हक्क तिथेच संपला असे मी मानतो.

२६ जुलै

बारा दिवसांत नवा रंग साबणाच्या पातळ पापुद्र्यासारखा सुटला. त्यामागची पुट्टी बोटाने दाबली तर ओल्या खडूसारखी चुरली. घरमालकांना साताऱ्याला फोन केला. ते म्हणाले, "अहो, इतक्या वर्षांत एकाही भाडेकरूने तक्रार केलेली नाही. तुम्ही खिडकी झाकून ठेवता, मग वाफ कोंडणारच." मी म्हणालो, "काका, वरून गळतंय. आमच्या आंघोळीने छताचा रंग सुटत नाही." दोघांचाही आवाज चढला. त्यांच्याकडे पुरावा नव्हता आणि माझ्याकडेही नव्हता. पुढे असे निघाले की आम्ही दोघेही अर्धे बरोबर होतो, म्हणूनच तो वाद केवळ बोलून कधीच मिटला नसता.

२८ ते ३१ जुलै

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या वाफेची भिंतीवर धरते हे ठरवण्यासाठी फॉइलची चाचणी केली. घरात पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियम फॉइल होतीच. रुंद चिकटपट्टीसह एकूण खर्च १६० रुपये. एक फूट बाय एक फुटाचे तीन तुकडे कापून एक छताच्या कोपऱ्यात, दुसरा खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर आणि तिसरा तुलनेसाठी समोरच्या, डाग नसलेल्या भिंतीवर चारही कडांनी चिकटवला. पहिला प्रयत्न फसला, कारण ओल्या पोपड्यांवर चिकटपट्टी धरेना आणि रात्रीतून छताचा तुकडा गळून पडला. दुसऱ्या दिवशी कडांपुरती जागा हेअर ड्रायरने सुकवून, पोपडे काढून, पुन्हा चिकटवला आणि अठ्ठेचाळीस तास हात लावला नाही.

३१ तारखेला रात्री तुकडे काढले. छताच्या तुकड्याची आपल्याकडची बाजू जवळपास कोरडी होती, पण चिकटपट्टी सोडवताच आतल्या बाजूने पाण्याचा एक ओघळ माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आला आणि फॉइलच्या आतल्या अंगाला तांदळाच्या दाण्यांएवढे थेंब दाटून बसलेले दिसले. खिडकीकडच्या तुकड्याचे नेमके उलटे होते: बाहेरून तो घामेजला होता आणि भिंतीकडचे अंग पूर्ण कोरडे. तिसरा तुकडा दोन्हीकडून जवळजवळ कोरडा होता. म्हणजे बुरशीचे कारण एक नसून दोन आहेत. छताचे पाणी बांधकामातून येते आहे आणि खिडकीभोवतीचे आमच्या आंघोळीच्या वाफेचे आहे. तिन्ही तुकड्यांची दोन्ही बाजूंनी, तारीख लिहिलेला कागद शेजारी धरून, छायाचित्रे घेतली.

३ ऑगस्ट

४५० रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक आणला. सकाळी तिघांच्या आंघोळी झाल्यावर बाथरूममध्ये ९६ टक्के, बाहेरच्या खोलीत ८२ टक्के. बाथरूमची आर्द्रता बाहेरच्या खोलीइतकी उतरायला दोन तास चाळीस मिनिटे लागली. खोलीची हवाच इतकी दमट असताना बाथरूम तिच्याहून कोरडी होणे शक्य नाही, त्यामुळे आकड्यापेक्षा तो उतरायला लागणारा वेळ मोजणे मला अधिक उपयोगाचे वाटले.

घरमालकांचा आरोप मी यानंतर प्रामाणिकपणे तपासला. खिडकीच्या पाच पट्ट्यांपैकी दोन जुन्या रंगाने चिकटून बसल्या होत्या, ते आमच्या आधीचे आहे. पण डक्टचा वास येतो म्हणून उरलेल्या तीन पट्ट्यांवर प्लॅस्टिक आम्हीच फेब्रुवारीत लावले होते. ती चूक आमची. प्लॅस्टिक आज काढले.

४ ऑगस्ट

आजचा दिवस करार आणि कायदा वाचण्यात गेला. भाड्यातून पैसे कापून घ्यावेत असे माझ्या मनात होते, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ मी आधी वाचले होते. करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्यास मालक बांधील आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. एवढे वाचून मी निश्चिंत झालो होतो.

ठाण्याच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या वर्गमैत्रिणीला करार पाठवला तेव्हा तिने थांबवले. ती म्हणाली, "तू भाडेकरू नाहीस, लायसन्सी आहेस. कलम १४ च्या भरवशावर भाडं कापलंस तर कराराचा भंग तुझ्याकडून होईल आणि उद्या घर सोडायची वेळ तुझ्यावर येईल." बोलण्यात आपण भाडेकरू म्हणत असलो तरी लीव्ह अँड लायसन्स हा भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ खालचा केवळ वापराचा परवाना असतो, त्यातून जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. नवी मुंबईत भाड्याने राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेक कुटुंबांचे करार याच प्रकारचे आहेत आणि त्यांपैकी कुणालाही हा फरक ठाऊक नव्हता, म्हणून येथे मुद्दाम विस्ताराने लिहीत आहे. त्याच अधिनियमाचे कलम ५७ मात्र आमच्या कामाचे निघाले. जागेत लायसन्सीच्या शरीराला किंवा मालमत्तेला धोका पोहोचवू शकेल असा दोष असेल, तो देणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला माहीत नसेल, तर तो उघड करणे देणाऱ्यावर बंधनकारक आहे.

बाकी सगळा भार करारातील शब्दांवर पडतो. आमच्या करारात लिहिले आहे की किरकोळ दुरुस्त्या लायसन्सीने आणि बांधकामाशी संबंधित दुरुस्त्या लायसन्सरने, म्हणजे परवाना देणाऱ्या घरमालकाने, कराव्यात. किरकोळ म्हणजे काय, हे कुठेही सांगितलेले नाही. बुरशी पुसणे किरकोळ आहे. ज्या ओलीमुळे ती येते ती किरकोळ नाही. फॉइलच्या चाचणीने हाच भेद कागदावर मांडता येऊ लागला.

घरमालकांना दोन पानांचे पत्र लिहिले आणि ते ईमेलने व रजिस्टर एडीनेही पाठवले. खिडकीवरचे प्लॅस्टिक आमचे होते व ते काढले आहे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिले. त्यानंतर चाचणीची छायाचित्रे, तारखा, छताच्या ओलीचे मूळ शोधण्याची विनंती आणि एक सरळ प्रश्न: या कोपऱ्यात पूर्वी कधी ओल आली होती का? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या असून त्यांत ओलीचा संबंध श्वसनाच्या तक्रारी आणि दमा यांच्याशी जोडलेला आहे, हेही मुलाच्या संदर्भात एका वाक्यात नमूद केले. भाडे कापण्याची धमकी दिली नाही.

११ ऑगस्ट

काका स्वतः साताऱ्याहून आले. स्टुलावर चढून त्यांनी कोपऱ्यावर हात ठेवला, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग खाली उतरून म्हणाले, "आठ वर्षांपूर्वी इथंच ओल आली होती. तेव्हा आम्ही रंग मारून घेतला आणि विसरून गेलो." त्यांनी हे लपवले नाही याचे मला अजूनही मोल वाटते. मी जुलैत जे केले तेच त्यांनी २०१६ मध्ये केले होते. स्लॅबमधील सळीपर्यंत ओल पोहोचली तर ती गंजून फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते; हे त्यांना मुलाच्या खोकल्याइतकेच महत्त्वाचे वाटले आणि घर त्यांचे असल्यामुळे ते स्वाभाविक आहे.

सायंकाळी आम्ही दोघे मिळून सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामायिक पाईप व ड्रेनेज लाइनमुळे होणारी गळती संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते, तर संडास, सिंक इत्यादींमुळे सदनिकेच्या आतून होणारी गळती त्या सदस्याने. तेव्हा पाणी नेमके कुठून येते यावर खर्च काका, वरच्या मजल्यावरच्या काकू आणि संस्था यांपैकी कुणाच्या वाट्याला येईल हे ठरणार होते. सेक्रेटरींनी माझ्या हातातले पत्र घेतले नाही, कारण मी सदस्य नाही. काकांनी तोच मजकूर आपल्या सहीने दिला तेव्हा पोच मिळाली. हे आधी कळले असते तर जुलैतच काकांकडे तशा पत्राची मागणी केली असती.

१८ ते २६ ऑगस्ट

रंगीत पाण्याची चाचणी. वरच्या काकू आधी तयार नव्हत्या. गेल्या वर्षीच बसवलेल्या लाद्या फोडाव्या लागतील अशी त्यांना भीती होती. चाचणीत काहीही फोडायचे नाही आणि रंगाचे डाग पडले तर मी स्वतः घासून देईन, असे सांगितल्यावर त्यांनी होकार दिला. चाळीस रुपयांचा लाल खाद्यरंग आणला.

१८ तारखेला त्यांच्या बाथरूमची नहाणी कापडाच्या बोळ्याने बंद करून इंचभर रंगीत पाणी साठवले. रात्रीत बोळा सैल झाला, पाणी निघून गेले आणि चाचणी वाया गेली. शिवाय काकूंना एक दिवस बाथरूम वापरता आली नाही, त्याचे वाईट वाटले. पुढच्या रविवारी प्लंबरकडून रबरी प्लग आणून पुन्हा केली. चोवीस तास पाणी साठून राहिले, पातळी उतरली नाही आणि आमच्या छताला रंगाचा मागमूसही आला नाही. म्हणजे लाद्या आणि त्यांखालचे वॉटरप्रूफिंग शाबूत होते. २६ तारखेला सकाळी प्लग काढून तेच पाणी वाहू दिले आणि पाच तासांनी आमच्या कोपऱ्यात नाण्याएवढा गुलाबी डाग उमटला. दोष ट्रॅपच्या पुढे, पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर होता. केवळ पाणी साठवून पाहण्यावर थांबलो असतो तर वरून गळत नाही असाच निष्कर्ष निघाला असता. साठवणे आणि सोडणे या दोन वेगळ्या चाचण्या आहेत.

१ सप्टेंबर

प्लंबर दोरीच्या आधाराने डक्टमध्ये उतरला आणि माझ्या फोनवर चित्रीकरण करून आणले. वरच्या बाथरूमचा आडवा पाईप भिंतीतून बाहेर येऊन ज्या ठिकाणी उभ्या बिडाच्या पाईपला मिळतो तिथल्या टीच्या (तीन तोंडांच्या जोडाच्या) तोंडाशी बोटभर लांबीची चीर होती. काकूंकडे आंघोळ झाली की पाणी त्या चिरेतून भिंतीवर झिरपत होते आणि तिथून आमच्या स्लॅबच्या कडेत शिरत होते. डक्टवर छप्पर नसल्यामुळे जोराच्या पावसात ती भिंत आणखी भिजत होती, म्हणून ९ जुलैचा माझा पावसाचा तर्क खरा भासला होता.

येथे खरा वाद सुरू झाला. उभा पाईप संस्थेचा याबद्दल दुमत नव्हते. परंतु चीर नेमकी सांध्यात होती आणि आडवा तुकडा कुणाचा यावर सेक्रेटरी, काका आणि काकूंचा मुलगा यांच्यात जिन्यात उभ्यानेच तासभर चर्चा झाली. शेवटी असे ठरले की टी आणि दोरीवरच्या कामाचा खर्च, ४,२०० रुपये, संस्थेने द्यावा आणि ट्रॅपपासून भिंतीपर्यंतचा आडवा तुकडा बदलण्याचे १,३०० रुपये काकूंनी द्यावेत. मला ही वाटणी न्याय्य वाटते. काकांना यात काहीच द्यावे लागले नाही, तरी पाठपुरावा सगळा त्यांनीच केला.

८ सप्टेंबर

काम नाही. गणपतीसाठी प्लंबर गावी गेला आहे आणि अनंत चतुर्दशीनंतर येणार आहे. मधल्या काळात काकूंनी आपण होऊन कपडे धुण्याचे पाणी दुसऱ्या नहाणीत सोडले, त्यामुळे कोपरा बराच सुकला.

२२ सप्टेंबर

बिडाची टी काढून पीव्हीसीची बसवली, भिंतीतून जाणारी जागा सिमेंटने बुजवली. काम साडेतीन तासांचे. जुनी टी हातात घेतली तर चिरेची कड गंजून कागदासारखी पातळ झालेली होती, म्हणजे हा दोष एका पावसाळ्यातला नाही. संध्याकाळी रंगीत पाणी पुन्हा सोडले. अठ्ठेचाळीस तासांनंतरही आमच्याकडे डाग आला नाही.

२९ सप्टेंबर

आता वाफेचा भाग. काकांच्या परवानगीने खिडकीच्या वरच्या दोन चिकटलेल्या पट्ट्या काढून तिथे प्लायवूडची पाटी आणि सहा इंची एक्झॉस्ट फॅन बसवला. फॅनचे १,४५० रुपये काकांनी दिले, कारण तो घरातच राहणार. वायरिंगचे ६०० आणि सुताराचे ३५० मी दिले.

दोन गोष्टी चुकल्या. वायरमनने फॅन दिव्याच्याच बटणावर जोडला, त्यामुळे आंघोळ करून बाहेर पडताना दिवा मालवला की नेमका गरजेच्या वेळी फॅनही बंद होई. वेगळे बटण टाकून घेतले. दुसरे असे की दार लावल्यावर फॅन नुसता गरगरत होता आणि हवा ओढत नव्हता. दाराची खालची कड पाण्याने फुगून उंबऱ्याला घट्ट बसली होती, त्यामुळे आत हवा यायला वाटच नव्हती. सुताराने ती कड अर्धा इंच तासली आणि दाराखाली पाय ठेवला तर वारा लागू लागला. आज आंघोळीनंतर बाथरूमची आर्द्रता बाहेरच्या खोलीइतकी यायला पस्तीस मिनिटे लागली. ऑगस्टमध्ये यालाच दोन तास चाळीस मिनिटे लागली होती.

१३ ऑक्टोबर

सांधा बदलल्यावर तीन आठवडे थांबलो. गेल्या आठवड्यात कोपऱ्यात फॉइल लावून पाहिली तेव्हा आतल्या अंगाला किंचित दमटपणा होता, म्हणून आणखी सहा दिवस जाऊ दिले. काल दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या. आज गवंड्याने दोन फूट बाय तीन फुटांतला भुसभुशीत गिलावा पाणी मारून, ओला करूनच काढला. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरले होते, दार बंद होते आणि मुलाला दिवसभर त्याच्या मावशीकडे ऐरोलीला पाठवले होते. सळी उघडी पडली नाही. काकांना फोनवर ते दाखवले तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वाळू-सिमेंटचा गिलावा केला. रंग तो पुरेसा वाळल्यावर, दिवाळीनंतर दिला जाईल. खर्च ३,९०० रुपये, काकांकडून. जुलैतले माझे १,६४० मी मागितले नाहीत.

२४ नोव्हेंबर

रंग झाला. ३० तारखेला करार संपत असल्यामुळे नव्या कराराचा मसुदा आम्ही दोघांनी एकत्र बसून केला. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दुरुस्त्यांची वाटणी दिली आहे. बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, गरज पडेल तेव्हा पाईप बदलणे आणि वायरिंग मालकाकडे. नळ आणि त्यांचे वॉशर, नाली साफ करणे, बेसिन, गीझर, बटणे राहणाऱ्याकडे. हा कायदा महाराष्ट्रात लागू नाही, परंतु किरकोळ या शब्दाला अर्थ देण्यासाठी ती यादी आम्ही नमुना म्हणून घेतली. बुरशीचा उल्लेख तिच्यात नाही, म्हणून एक कलम स्वतंत्र लिहिले:

"बाथरूमची खिडकी न झाकणे, एक्झॉस्ट फॅन वापरणे, पृष्ठभाग पुसणे आणि वाफेमुळे आलेली बुरशी साफ करणे ही लायसन्सीची जबाबदारी राहील. भिंत, छत, लादीखालील भाग किंवा पाईप यांतून येणाऱ्या ओलीचे कारण शोधून ते दूर करणे ही लायसन्सरची जबाबदारी राहील. कारण सामायिक पाईपमध्ये किंवा दुसऱ्या सदनिकेत आढळल्यास संस्थेकडे पाठपुरावा लायसन्सर सदस्य या नात्याने करील. लेखी कळवल्यापासून सात दिवसांत दोघांच्या उपस्थितीत पाहणी होईल आणि ओलीचे कारण ठरेपर्यंत या कारणासाठी अनामत रकमेतून कपात किंवा भाड्यातून वजावट केली जाणार नाही."

शेवटचे वाक्य काकांनी सुचवले. अनामतीचा शब्द त्यांचा आणि भाड्याचा माझा.

माझा एकूण खर्च ३,३३५ रुपये झाला. त्यांपैकी ब्लीच आणि जुलैचा रंग मिळून १,७३५ रुपये वाया गेले. फॉइल, आर्द्रतामापक आणि खाद्यरंग यांचे ६५० रुपये जूनमध्येच खर्च केले असते तर गणपतीच्या आधी सगळे आटोपले असते.

१५ डिसेंबर

पहाटे गारवा होता. आंघोळीनंतर खिडकीकडच्या भिंतीवर बारीक थेंब धरले, ते वायपरने ओढून फॅन पाऊण तास चालू ठेवला. हे काम आता रोज शेवटी आंघोळ करणाऱ्याचे आहे. छताचा कोपरा कोरडा आहे.

१ सप्टेंबरचे चित्रीकरण आज मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा त्याच उभ्या पाईपवर पहिल्या मजल्याच्या टीच्या खालीही भिंत काळी पडलेली दिसली. त्या सदनिकेखाली तळमजल्यावर एक भाडेकरू कुटुंब तान्ह्या बाळासह राहते. चित्रीकरण त्यांना दाखवले आणि त्यांच्या घरमालकांनी संस्थेला द्यायच्या पत्राचा मसुदा, काकांनी दिलेल्या पत्रावरून, त्यांना लिहून दिला आहे. सेक्रेटरींनी पुढच्या रविवारी दोरीवाल्याला बोलावले आहे.